मुंग्यांचं बिऱ्हाड हलवताना

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतल्या फळांच्या गाळ्यावर मुंगी शोधावी लागत नाही. केळ्याच्या फणीच्या बेचक्यात, चिक्कूच्या देठाशी, अंजिराच्या खोक्याच्या कडेनं तिची रांग असतेच. गाळेवाले हातातल्या फडक्यानं ती झटकतात आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळतात. थोडं वाकून, डोळे जवळ नेऊन पाहिलं तर या सगळ्या मुंग्या एका जातीच्या नाहीत हे कळतं. मुंगळे आणि लाल मुंग्या चटकन ओळखू येतात. पण त्यांच्याहून कितीतरी बारीक अशीही एक मुंगी असते. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर, डोकं काळसर, पोट आणि पाय इतके फिके की धूळ हलल्याचा भास व्हावा. बोटानं चिरडली तर खवट खोबऱ्याचा वास येतो. शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलानोसेफॅलम. तिच्या जोडीनं आपल्या शहरांतल्या बाजारांत आणि स्वयंपाकघरांत सापडते ती पिवळट-तांबूस फारोह मुंगी, मोनोमोरियम फॅरोनिस. ही दोन मिलिमीटरांची. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८मध्ये तिला नाव दिलं. ती माणसाच्या मागोमाग जगभर फिरते आहे.

या दोघी वारूळ बांधत नाहीत. पुठ्ठ्याची घडी, भिंतीच्या गिलाव्यातली चीर, कुंडीच्या तळाशी चिकटलेलं वाळकं पान, वह्यांच्या गठ्ठ्यातली फट, एवढ्यात राण्या, अंडी, अळ्या, कोष आणि शेकडो कामकरी मुंग्या मावतात. खोकं उचललं की घर गेलं, कुंडी हलली की घर गेलं. त्यामुळे बिऱ्हाड हलवणं ही त्यांच्यासाठी आपत्ती नसते. ते त्यांच्या जगण्याचं नेहमीचं अंग असतं. मुंग्या पाळणाऱ्यांना मात्र हेच काम सर्वांत अवघड वाटतं. काचेच्या नळीत वाढलेली अशा बारीक मुंग्यांची वसाहत एका घरट्यातून दुसऱ्यात न्यायची, एकही राणी न गमावता, एकही अळी न चिरडता आणि अर्धी वसाहत आपल्या पलंगाखाली पळून न जाता.

माणसांचा बाजार हलवणं तुलनेनं सोपं म्हणायचं. पुण्याची भाजीमंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. १८८६मध्ये शुक्रवार पेठेतली ही अष्टकोनी, मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहिली आणि बाजार इथे आला. तिला नाव मिळालं गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. या इमारतीवरच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. त्यांचंच नाव पुढे १९३८मध्ये मंडईला देण्यात आलं. नगरपालिकेनं ठराव केला, इमारत बांधली, गाळे वाटले, माणसं आली. मुंग्यांपुढे असला ठराव चालत नाही. त्यांना उचलून नव्या घरात ठेवता येतं, पण तिथे राहायला लावता येत नाही. जुनं घर नकोसं आणि नवं घर हवंसं करणं एवढंच पाळणाऱ्याच्या हातात असतं. निर्णय त्या घेतात, आणि तो कसा घेतात हे पाहण्यातच या छंदाचा सगळा आनंद आहे असं मला मनापासून वाटतं.

या पाहण्याची काही अगदी सुरुवातीची पानं पुण्यात लिहिली गेली, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १८२४पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम त्याच्याकडे होतं. शेतसारा, पिकं, पाऊस, लोकसंख्या मोजता मोजता त्यानं पक्षी मोजले, मासे मोजले आणि मुंग्याही पाहिल्या. १८३५मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यानं भारतातल्या मुंग्यांच्या नव्या जातींवर निबंध छापला. त्यातली एक नोंद १८२९च्या जूनमधली, पुण्याच्या परेड ग्राउंडजवळची. मोठा पाऊस होऊन गेला होता आणि पडीक जमिनीवर ठिकठिकाणी गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग पडलेले त्याला दिसले. मुंग्या बिळातून ओलं झालेलं बी वर आणून उन्हात टाकत होत्या. जूनच्या त्या दिवसांत त्या गवताचं ताजं बी मिळणं शक्य नव्हतं, म्हणजे हे साठवणीतलं बी असणार, असा त्यानं निष्कर्ष काढला. मुंगी धान्य साठवते या जुन्या समजुतीला युरोपातले विद्वान तोवर दंतकथा समजू लागले होते. कारण त्यांच्या थंड प्रदेशातल्या मुंग्या तसं करत नाहीत. पुण्यातल्या या मुंगीनं तो वाद उलटवायला मदत केली. आज तिला फायडोली प्रोव्हिडेन्स म्हणतात.

साइक्सची दुसरी हकिगत घरातली आहे. जेवणानंतरची फळं आणि मिठाई ठेवलेल्या टेबलाचे पाय त्यानं पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते. आपल्या आज्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच उपाय. मुंग्या तरीही मिठाईपर्यंत पोचत. पायांना टर्पेंटाइन लावलं, काही दिवस शांतता झाली, आणि पुन्हा मुंग्या. मग एकदा त्याच्या नजरेला एक मुंगी पडली. ती टेबलाजवळच्या भिंतीवर चढली, टेबलाच्या पातळीपेक्षा वर गेली आणि तिथून तिनं स्वतःला खाली सोडून दिलं. पडली ती थेट मिठाईवर. पुढे डार्विनचा स्नेही जॉर्ज रोमेनीस यानं १८८२च्या आपल्या प्राण्यांच्या बुद्धीवरच्या पुस्तकात ही हकिगत घेतली आणि पुण्याच्या घरातली ती मुंगी जगभर वाचली गेली. मुंगीनं विचारपूर्वक उडी घेतली असं आज कुणी म्हणणार नाही. घसरलेल्या मुंग्यांपैकी काही टेबलावर पडल्या आणि परतताना त्यांनी वासाची वाट आखली, एवढंही पुरेसं होतं. पण जो माणूस मुंग्यांना अडवायचा सोडून त्या कशा येतात हे बघत थांबतो, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

साइक्सनंतर साठेक वर्षांनी पुण्यात वनखात्यातला रॉबर्ट चार्ल्स रॉटन मुंग्या गोळा करत होता. १८९२मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यानं ‘अवर अँट्स’ ही दोन भागांची लेखमाला लिहिली. आपल्या भागातल्या मुंग्या सामान्य वाचकाला ओळखता याव्यात म्हणून केलेलं हे काम आजही वाचावंसं वाटतं. न ओळखलेले नमुने तो स्वित्झर्लंडला ऑगस्त फोरेलकडे पाठवी. फोरेल मनोविकारतज्ज्ञ होता आणि मुंग्यांचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकारही. रॉटनच्या एका शोधाचं महत्त्व त्याला एवढं वाटलं की १८९०च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यानं रॉटनचं नाव घातलं. एनिक्टस नावानं ओळखले जाणारे पंखवाले नर आणि टिफ्लाटा नावाच्या आंधळ्या कामकरी मुंग्या या दोन वेगळ्या जाती समजल्या जात. रॉटननं त्या एकत्र पकडल्या आणि दोन्ही एकाच घरातल्या आहेत हे सिद्ध झालं. ही फिरस्ती मुंगी. तिला कायमचं घर नसतंच. सगळं बिऱ्हाड तोंडात धरून ती जमिनीवरून सरकत राहते.

त्याच निबंधात फोरेलनं पुण्याच्या नमुन्यांवरून आणखी एका मुंगीचं वर्णन केलं. तिचं आजचं नाव कार्डिओकॉन्डिला रॉटनी. दोन मिलिमीटरांच्या आतबाहेरची, पिवळसर, कुणाच्या वाटेला न जाणारी. वसाहत काही डझनांची, राण्या मात्र बऱ्याचदा एकाहून अधिक. वळलेल्या वाळक्या पानात, फांदीच्या पोकळीत, सालीखाली ती राहते. पान गळलं, कुजलं किंवा फार वाळलं की दुसरं पान. तिचे काही नर पंख नसलेले असतात, विळ्यासारख्या जबड्यांचे, आणि घरातल्या घरात ते प्रतिस्पर्धी नरांना ठार मारतात. मुंग्यांच्या जगात नर म्हणजे पंख फुटून उडून जाणारा आणि चार दिवसांत मरणारा जीव, या समजाला या मुंगीनं तडा दिला. तिची सख्खी बहीण शोभावी अशी कार्डिओकॉन्डिला ऑब्स्क्युरिओर ही जात जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात युर्गेन हाइन्झे यांच्या गटानं वर्षानुवर्षं पाळली. २०१४मध्ये तिचा जीनोमही प्रसिद्ध झाला. त्यांच्या वसाहती प्लास्टरचा तळ असलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत, मध आणि मेलेल्या किड्यांच्या तुकड्यांवर वाढतात.

प्लास्टरचा हा तळ कुठून आला तेही सांगायला हवं. मुंग्या घरात ठेवून पाहण्याची शिस्त लावली इंग्लंडच्या सर जॉन लबकनं. दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर, वर झाकण, एवढंच त्याचं घरटं. त्यात त्यानं एक राणी जवळपास पंधरा वर्षं जगवली. रंगीत काचा ठेवून त्यानं पाहिलं की मुंग्या लाल काचेखाली अंधारात असल्यासारख्या निवांत गोळा होतात आणि जांभळ्या काचेखालून पिलं उचलून नेतात. माणसाला न दिसणारा अतिनील प्रकाश त्यांना दिसतो, हे त्याला अशाच प्रयोगांतून उमगलं. पुढे फ्रान्सच्या शार्ल जानेनं प्लास्टरचं घरटं केलं. एका टोकाला पाणी, दुसरं टोक कोरडं, मधे खोल्या. प्लास्टर पाणी शोषतं आणि ओलावा हळूहळू पुढे झिरपतो. कुठे अंडी ठेवायची, कुठे कोष ठेवायचे, हे मुंग्या आपापलं ठरवतात. आजचे छंदी लोक वापरतात ती बहुतेक घरटी या दोघांच्याच कल्पनांवर चालतात. सामानही दुर्मीळ नाही. मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरात बोहरी आळीत प्लास्टर ऑफ पॅरिस मिळतं, तुळशीबागेत घट्ट झाकणाचे पारदर्शक डबे मिळतात. परीक्षानळ्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणायच्या.

परीक्षानळी हे नव्या राणीचं पहिलं घर. तळाशी पाणी, त्याला टेकून कापसाचा घट्ट बोळा, मग मुंग्यांची जागा आणि तोंडाशी सैल बोळा. कापसातून ओल मिळत राहते. काही महिन्यांनी पाणी पिवळं पडतं, कापसावर बुरशी चढते, नाही तर वसाहतच एवढी वाढते की अळ्यांवर अळ्या रचल्या जातात. मग हलवणं भाग पडतं. पुण्यात बुरशी पावसाळ्यात धरते आणि एप्रिलमध्ये पाणी भराभर आटतं, त्यामुळे या दोन मोसमांत पाळणाऱ्यांना जास्त जागरूक राहावं लागतं.

मोठ्या मुंग्या पाळणारा माणूस नळी उपडी करून हलकेच ठोकतो आणि मुंग्या नव्या डब्यात पडतात. बारीक मुंग्यांच्या बाबतीत हे करू नये. एकतर त्या पडतच नाहीत. वजन इतकं कमी की काचेला चिकटून राहतात. फारोह मुंगीच्या अळ्या एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानं असतात, ठोकलं की गठ्ठा फुटतो आणि कापसाच्या तंतूंत अडकतो. कोष फार नाजूक असतात. शिवाय घाबरलेल्या मुंग्या वासाचा इशारा सोडतात आणि सगळी वसाहत एका दमात बाहेर धावते. धावत्या शेकडो मुंग्यांपुढे माणसाची दोन बोटं अगदी निरुपयोगी.

म्हणून जुनी आणि नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडायची. सांधा चिकटपट्टीनं असा बंद करायचा की त्यात केसाएवढीही फट राहू नये आणि आतल्या बाजूला गोंदही उघडा राहू नये. बारीक मुंगी गोंदाला चिकटून मरते. नव्या नळीत ताजं पाणी, स्वच्छ कापूस, आणि बाहेरून काळा कागद किंवा लाल पारदर्शक कागद. जुनी नळी उघडी, उजेडात. उजेड दिव्याचा असावा आणि दिवा दूर असावा. गॅलरीतल्या उन्हात नळी ठेवण्याचा मोह आवरला नाही तर पुण्याच्या उन्हात ती काही मिनिटांत भाजून निघेल. तेवढं झालं की आपलं काम संपतं. जुन्या नळीचं पाणी आटत जाईल, उजेड छळत राहील, पलीकडे अंधार आणि ओल आहे हे कुणीतरी जाऊन पाहील.

आणि मग काहीच होत नाही. एखादी मुंगी सांध्यापाशी येते, मिशा हलवते, परत जाते. दोन-तीन आत शिरून काचेच्या कडेनं फिरतात आणि परततात. नवशिक्या पाळणाऱ्याचा धीर इथेच सुटतो. तो नळी हलवतो, फुंकर मारतो, दिवा जवळ आणतो. खरं तर याच वेळी आत सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडत असते.

ती कोणती, हे युरोपातल्या टेम्नोथोरॅक्स नावाच्या बारीक मुंगीनं दाखवून दिलं. दोन-तीन मिलिमीटरांची ही मुंगी खडकांच्या चिरांत राहते, वसाहत शंभर-दोनशेंची, म्हणून ती सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमधल्या फटीत सुखानं नांदते. ब्रिस्टल विद्यापीठात नायजेल फ्रँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका मुंगीच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले, वरची काच काढून घर मोडलं आणि पुढे कोण काय करतं ते टिपलं. सगळ्या मुंग्या घर शोधायला जात नाहीत, थोड्याच जातात. जाणारी मुंगी नव्या फटीत फिरून जागा किती, उजेड किती, दार केवढं हे अजमावते. जागा बेताची असेल तर ती इतरांना बोलवायला वेळ लावते, चांगली असेल तर लवकर बोलावते. बोलावणंही कसं, तर एकीनं एकीला मागे घेऊन जायचं. मागची मुंगी पुढचीच्या पोटाला मिशा लावून चालते, मधेच थांबून वाट न्याहाळते, पुढची थांबून राहते. एकटी गेली असती तर तिला चौपट वेगानं पोचता आलं असतं, पण ती थांबते. फ्रँक्स आणि टॉम रिचर्डसन यांनी २००६मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं की याला शिकवणंच म्हणावं लागेल. नव्या जागेत पुरेशा मुंग्या जमल्या की मात्र रीत पालटते. चालवत नेणं बंद होतं आणि उरलेल्यांना उचलून नेणं सुरू होतं, कारण उचलून नेणं सुमारे तिप्पट वेगाचं असतं. म्हणजे आधी खात्री आणि मग घाई.

भारतात हे काम कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सुमना अन्नागिरी यांच्या गटानं डायाकामा या मुंगीवर केलं आहे. ती बारीक नाही, सेंटिमीटरभर लांबीची काळी मुंगी. पण घर बदलताना सगळी वसाहत ती अशीच एकामागे एक, जोडीजोडीनं नेते, आणि पुढे चालण्याचं काम थोड्याच मुंग्या पुन्हा पुन्हा करतात. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. बिऱ्हाड हलत असताना शेजारच्या वसाहतीतल्या मुंग्या येऊन कोष पळवतात. घर बदलण्याचे काही तास वसाहतीच्या आयुष्यातले सर्वांत उघडे तास असतात. पाळणाऱ्यानं तेवढा वेळ टेबलावर दुसरी वसाहत ठेवू नये, हा धडा मी यातून घेते.

टॅपिनोमा आणि फारोह मुंगी एकमेकींना असं चालवत नेत नाहीत; त्या वासाची वाट आखतात. त्यामुळे त्यांचं स्थलांतर अगदी वेगळं दिसतं. बराच वेळ शांतता, मग एक विरळ रांग, आणि एकदा ती दाट झाली की बघता बघता अळ्यांचे गठ्ठे तोंडात धरून ओघ सुरू. राण्या साधारण या गर्दीच्या मध्यावर, कामकऱ्यांनी वेढलेल्या अशा जातात. सगळ्या राण्या एकदमच गेल्या पाहिजेत असं नसतं. काही राण्या, थोड्या कामकरी आणि मूठभर अळ्या जुन्या नळीतच राहिल्या, तर ती वेगळी वसाहत म्हणून जगू शकते. फारोह मुंगीचं तर त्याहून पुढे आहे. एकही राणी मागे राहिली नाही तरी उरलेल्या कामकरी अळ्यांमधून नव्या राण्या वाढवू शकतात.

घरातल्या मुंग्यांवर औषधाचा फवारा मारला की पंधरा दिवसांनी त्या चार ठिकाणी का दिसतात, याचं उत्तरही इथेच आहे. फवाऱ्यानं वसाहत मरत नाही, फुटते. एक बिऱ्हाड होतं त्याची चार होतात. म्हणूनच जाणकार फवाऱ्याऐवजी मंद विषाचं आमिष ठेवायला सांगतात, जे कामकरी मुंग्या स्वतःच राण्यांपर्यंत नेतील. मंडईसारख्या खाण्याच्या जागी हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण तिथे फवारलेलं औषध फळावर बसतं आणि मुंग्या शेजारच्या गाळ्यावर जातात.

पळून जाण्याचा धोका डब्यापाशीही असतो. डब्याच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात. ती सुकली की मुंगीचे पाय तिच्यावरून निसटतात. फ्लुऑन हा तयार द्रवही असतो. पावसाळ्यात दमट हवेनं दोन्ही थर लवकर निकामी होतात, आणि साइक्सच्या टेबलाला पुरला नाही तो पाण्याचा खंदक इथे उलट्या कामासाठी पुन्हा उपयोगी पडतो. डबा पाण्याच्या थाळीत ठेवायचा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि बारीक मुंगी पाण्यावरून चालत जाऊ शकत नाही.

हा छंद आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही; त्याचा चोरटा व्यापारही होतो. केनियातल्या नैवाशा गावात २०२५च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या दोन कोवळ्या वयाच्या मुलांकडे सुमारे पाच हजार राणी मुंग्या सापडल्या, कापूस लावलेल्या नळ्यांत बंद करून. त्यांच्यासह चौघांना मे महिन्यात न्यायालयानं प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड केला. एक राणी म्हणजे एक अख्खी वसाहत; पाच हजार राण्या उचलणं म्हणजे त्या माळरानातून पाच हजार वारुळं काढून घेणं. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती आहेत. ज्याला पाळायच्या आहेत त्यानं परदेशी राणी विकत घेऊ नये. उपद्रवी मुंग्या जगभर पसरल्या त्या कुंड्या, खोकी आणि जहाजी मालातून. त्यात आपली भर नको.

पाळणं थांबवायचं झालं तर वसाहत जिथे मिळाली त्याच झाडाखाली, त्याच पेठेत, पावसाळ्याच्या सुरुवातीला परत सोडावी. नळी फोडू नये. ती सावलीत, ओल्या मातीवर आडवी ठेवावी, तोंडाचा बोळा काढावा आणि जुन्या घरातलं पाणी आटेपर्यंत नवं घर शोधायला त्यांना वेळ द्यावा. सगळ्या गेल्या याची खात्री झाल्यावरच नळी उचलावी, उकळत्या पाण्यानं धुवावी आणि पुढच्या राणीसाठी ठेवावी.